मॅथ्यूजच्या उजव्या हाताला कोण? मार्नर गेल्यानंतरचे लीफ्स

30 जून 2025 ला उजव्या विंगवर खेळणारा मिच मार्नर टोरांटो मेपल लीफ्स या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) संघातून व्हेगास गोल्डन नाइट्सकडे गेला. आठ वर्षांचा करार, वर्षाला 1 कोटी 20 लाख डॉलर. त्याच्या बदल्यात लीफ्सच्या पदरात पडला निकोला रुआ, म्हणजे तिसऱ्या लाइनीचा सेंटर (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारी तीन आक्रमकांची तुकडी: मध्ये सेंटर, दोन बाजूंना विंगर). तेव्हापासून टोरांटोभर, आणि मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांमध्येही, एकाच मुद्द्यावर आवाज चढतात: पहिल्या लाइनीचा सेंटर ऑस्टन मॅथ्यूज याच्या उजव्या विंगवर आता कुणाला उभं करायचं? हे लिखाण सप्टेंबर 2025 मधलं, 2025-26 मोसमाचा ट्रेनिंग कॅम्प तोंडावर आलेला असतानाचं आहे. तुम्हालाही बाजू घ्यायची असेल, तर नावं शेजारी शेजारी ठेवून बघू या.

आधी नेमकं काय गेलं ते समजून घेतलं पाहिजे. मार्नरचे गेल्या, म्हणजे 2024-25 च्या मोसमातले 27 गोल आणि 75 असिस्ट (गोल घडवणारे पास) सगळ्यांना पाठ आहेत. पण तो सामन्यात 21 मिनिटं खेळायचा, पेनल्टीमुळे एक गडी कमी असतानाही बर्फावर असायचा, आणि मुख्य म्हणजे आपल्या हद्दीतून पक (रबरी चकती) घेऊन प्रतिस्पर्ध्याची निळी रेषा, म्हणजे त्याच्या हद्दीची सीमा, पक न गमावता ओलांडायचा. तेवढ्या वेळात मॅथ्यूज बचावपटूंच्या मागे मोकळी जागा शोधायचा. हे काम कुणी केलं नाही तर पक कोपऱ्यात फेकून त्यामागे धावायचं एवढंच उरतं. प्रशिक्षक क्रेग बेरुबी यांना तो खेळ आवडतोही, पण मॅथ्यूजसारख्या नेमबाजाला बोर्डापाशी (रिंकच्या कडेच्या भिंतीपाशी) झुंजायला लावणं मला पटत नाही. म्हणून माझी कसोटी सरळ आहे: पक आत कोण आणतो आणि मॅथ्यूजला कोण शोधतो.

या कसोटीवर पहिलं नाव अर्थातच विल्यम निलँडर. गेल्या मोसमात 45 गोल, संपूर्ण लीगमध्ये फक्त एडमंटनच्या लिऑन ड्रायसाइटलच्या मागे. उजव्या हाताचा शॉट, आणि पक घेऊन आत शिरण्यात संघात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. अनेक चाहते म्हणतात, मग विचार कसला करायचा?

विचार दुसऱ्या लाइनीचा सेंटर जॉन टव्हारेसचा करायचा. सप्टेंबर 2025 मध्ये तो 35 वर्षांचा होतोय. गेल्या मोसमात त्याने 38 गोल केले, त्यातला मोठा काळ निलँडर त्याच्या बाजूला होता. वर्षाला 43 लाख 80 हजार डॉलरमध्ये तो चार वर्षं थांबला, हा 2025 च्या उन्हाळ्यातला सगळ्यात चांगला सौदा. पण त्याच्यासाठी कुणीतरी पक वाहून आणतो तोवरच हा सौदा चांगला राहील. निलँडरला वर, पहिल्या लाइनीवर सरकवलं की दुसरी लाइन बोथट होते. मग परक्या रिंकवर, जिथे खेळाडू बदलण्याची शेवटची संधी यजमान प्रशिक्षकाला असते, तो आपली सर्वोत्तम बचाव जोडी निर्धास्तपणे मॅथ्यूजवर सोडेल. मे 2025 मध्ये प्लेऑफमध्ये फ्लोरिडाविरुद्ध पहिले दोन सामने जिंकूनही आपण मालिका सात सामन्यांत हरलो. पाचवा आणि सातवा सामना घरच्या बर्फावर, दोन्ही 6-1 ने. तेव्हा मार्नर, मॅथ्यूज, निलँडर तिघंही होते. त्या हरण्याचं दुःख अजून ओसरलेलं नाही, आणि त्यातून मी घेतलेला धडा एवढाच की धोका दोन लाइनींमध्ये वाटलेला हवा. निलँडर टव्हारेसकडेच राहू दे. एका गोलने मागे असताना शेवटच्या दहा मिनिटांत त्याला मॅथ्यूजजवळ आणायचं, तेही जरूर पडलीच तर.

आता खरी लढत: संघात आधीपासून असलेला मॅक्स डोमी की युटाकडून नव्याने आलेला मतियास माचेली?

पैशात फारसं अंतर नाही. डोमी वर्षाला 37 लाख 50 हजार डॉलर, माचेली 34 लाख 25 हजार. गेल्या मोसमात डोमीचे 74 सामन्यांत 33 पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून), गोल फक्त 8. माचेलीचे युटाकडून 55 सामन्यांत 18, आणि शेवटी शेवटी तर तो धडधाकट असूनही बाहेर बसत होता. एवढंच पाहिलं तर डोमी पुढे. पण एक वर्ष मागे जा: 2023-24 मध्ये ॲरिझोनासाठी माचेलीने 57 पॉइंट केले, त्यात 40 असिस्ट. डोमीचे त्याच वर्षी 47.

दोघंही पास देणारे, दोघांचाही शॉट डाव्या हाताचा. उजव्या विंगवर डावखुरा खेळाडू असला की आपल्या हद्दीत बोर्डालगत आलेला पक त्याला बॅकहँडने सांभाळावा लागतो, तिथे चुका होतात. उलट समोरच्या हद्दीत त्याची काठी मैदानाच्या मध्याकडे उघडी असते, मॅथ्यूजला पास सोपा जातो. म्हणजे तोटा दोघांना सारखा, फायदाही सारखा. फरक स्वभावात आहे. डोमी वेगाने मधून घुसतो, तापतो, प्रेक्षकांना उठवतो. 2025 च्या प्लेऑफमध्ये ओटावाविरुद्ध दुसरा सामना त्यानेच ओव्हरटाइममध्ये जिंकून दिला. पण नको तिथे पेनल्टी घेतो आणि मागे यायला उशीर करतो. माचेली अंगाने हलका, धक्क्यात कमी पडतो, मात्र निळ्या रेषेवर पक धरून वाट मोकळी होईपर्यंत थांबण्याचा संयम त्याच्याकडे आहे.

मी माचेलीला आधी संधी देईन. डाव्या बाजूला मॅथ्यू नाइज आहे. 29 गोल करून त्याने सहा वर्षांचा करार मिळवला. कोपऱ्यातली झुंज तो निभावतो, उजवीकडे पास देणारे कुशल हात लागतात. दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. माचेली जमला नाही तर डोमीला वर आणता येतं, आणि तोवर डोमी रुआसोबत तिसऱ्या लाइनीवर उपयोगी पडतोच. उलट डोमी वर गेला तर माचेलीला खाली काही काम उरत नाही. बेरुबींच्या खालच्या लाइनींना धक्के देणारे लागतात, आणि त्यासाठी डकोटा जोशुआ व्हँकूव्हरहून आणलाच आहे. एक गडी कमी असतानाची मार्नरची मिनिटं रुआ आणि संघातला दुसरा फॉरवर्ड स्कॉट लॉटन वाटून घेऊ शकतात, तिथे मला फार चिंता नाही.

तरुण ईस्टन काउअनचं नाव मोहात पाडतं. लंडन नाइट्स या ज्युनियर संघाकडून 2025 चा मेमोरियल कप (कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला सर्वोच्च करंडक) आणि त्यातला सर्वोत्तम खेळाडूचा मान. मार्नरनेही 2016 मध्ये त्याच संघाकडून हेच दोन्ही मिळवलं होतं. पण पोरगा 20 वर्षांचा आहे. पहिल्याच वर्षी त्या जागेचं ओझं त्याच्यावर टाकू नये.

सराव सामने सुरू झाले की गोल मोजू नका. उजवीकडून पक निळी रेषा ओलांडताना काठीवर आहे की कोपऱ्यात फेकलेला आहे, तेवढं बघा. दहापैकी सात वेळा काठीवर दिसला, तर माचेलीला तिथून हलवायची घाई करू नये. फेकलेलाच दिसू लागला, तर ऑक्टोबर संपायच्या आत डोमीला वर आणावं.