तीन सिलिंडरच्या गाडीतून निघालेलं चार भोकांचं गॅस्केट

आमची गाडी २०११ सालची. पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरची छोटी गाडी. बाबांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातून घेतली. गेल्या जूनपासून तिचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी व्हायला लागलं. दर रविवारी बॉनेट उघडावं तर बाटलीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी कोरडा. एसीचं पाणी पडायचं, पण ते साधं पाणी; बोटाला चिकटत नाही, रंग नाही. हिरव्या कूलंटचा थेंब कुठेच नाही. फक्त साताऱ्याकडे गावी जाताना खंबाटकीच्या चढावर कधीकधी गोडसर वास यायचा.

सिंहगड रोडवरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मालक बोलायला अतिशय चांगला. बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला. मग आमच्या डोळ्यांदेखत रेडिएटरचं झाकण उघडलं, वरपर्यंत पाणी भरलं आणि गाडी चालू केली. तोंडाशी बुडबुडे आले. “बघा ताई, हा सिलिंडरमधला गॅस. हेड गॅस्केट गेलंय.” हे गॅस्केट म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा सिलिंडरांचा भाग यांच्यामधला सांधा घट्ट बंद ठेवणारा पातळ थर. नंतर इंजिन ऑइलचं झाकण काढून उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट थर. “ऑइलमध्ये पाणी चाललंय.” आणि शेवटी बाबांकडे वळून, “काका, घाटात इंजिन जाम झालं तर साठ हजारांच्या खाली काम नाही.”

बाबांचा चेहरा उतरला. मी हो म्हणाले.

चार दिवसांनी गाडी मिळाली. १६,५०० रुपये घेतले. पावती म्हणजे वहीतला कागद, त्यावर “हेड काम कम्प्लीट, ऑइल, कूलंट”. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, आणि आम्ही गप्प बसलो. काढलेला पार्ट मात्र मी मागून घेतला. त्याने लगेच पिशवीत घालून काळं पडलेलं गॅस्केट दिलं. ते हातात आल्यावर माझ्या मनात उरलीसुरली शंका राहिली नाही. पिशवी गॅलरीतल्या कपाटावर टाकून दिली.

पाच आठवडे पातळी जराही हलली नाही. ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा कमी व्हायला लागली, आणि या वेळी बाटलीच्या तळाशी तपकिरी गाळ दिसला. फोन केला तर उत्तर तयार होतं: “आता रेडिएटर गेला असेल, नऊ हजार धरा.” तिथे मी थांबले.

शेजारच्या काकूंनी वडगावातल्या एका जुन्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी गाडी चालू केलीच नाही. “आधी पूर्ण गार होऊ दे,” म्हणाले. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर उडतं, हे सांगून त्यांनी दोन तास थांबवलं. मग झाकणाच्या जागी सायकलच्या पंपासारखा एक हातपंप बसवला, त्याला घड्याळासारखा गेज. आमच्या झाकणावर ०.९ कोरलेलं होतं, तेवढाच दाब भरला. काटा हळूहळू खाली यायला लागला. मामांनी टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा घेतला आणि इंजिनच्या मागच्या अंगाला शोधाशोध केली. दहा मिनिटांनी मला बोलावलं. तिथे पाणी नेणारा लोखंडी पाईप आहे. तो गंजलेला, आणि त्याच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं छिद्र. छिद्राभोवती हिरवट-पांढरा खार चढलेला आणि तिथून थेंब थेंब पडत होता.

पुठ्ठा कोरडा का राहायचा ते तेव्हा कळलं. कूलंटची यंत्रणा हवाबंद असते. इंजिन तापलं की आत दाब वाढतो, त्यामुळेच कूलंट शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. छिद्र त्या दाबाखाली गळायचं आणि थेंब नेमका खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर पडून वाफ व्हायचा. गोडसर वास त्याचाच. गाडी बंद होऊन गार झाली की दाब नाही, म्हणून गळती नाही. पंपाने मात्र इंजिन गार असतानाच दाब दिला, त्यामुळे थेंब वाळला नाही, दिसला. पाईप कुजण्याचं कारण आमचंच. कित्येक वर्षं आम्ही कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतत आलो. कूलंटमध्ये गंज रोखणारं रसायन असतं, पाण्यात नसतं.

पाच आठवडे गळती थांबली होती ती कशामुळे, हे त्या तपकिरी गाळाने सांगितलं. गळती बुजवणारं तयार औषध बाजारात मिळतं, ते ओतलेलं होतं. बारीक छिद्र ते काही दिवस बुजवतं, पण रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही चोंदवू शकतं. म्हणजे पुढचं नऊ हजारांचं काम त्या गॅरेजवाल्याने स्वतःच तयार करून ठेवलं होतं, असं मला वाटतं.

मी मामांना हेडच्या कामाबद्दल सांगितलं. त्यांनी वरचे बोल्ट दाखवले. प्रत्येकावर जुन्या तेलाचा आणि धुळीचा थर तसाच होता, पाना लागल्याची एकही खूण नाही. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल तपासायच्या सळईवर, ऑइल काळंकुट्ट. आणि ऑइल तर नवं भरल्याचं पावतीवरच लिहिलेलं. मी घरी जाऊन गॅलरीतली पिशवी आणली. मामांनी गॅस्केट उजेडात धरलं आणि विचारलं, “पोरी, तुझ्या गाडीला सिलिंडर किती?” तीन. गॅस्केटला सिलिंडरची मोठी भोकं चार होती.

मामांनी नाना पेठेतून पाईप मागवला, सगळी यंत्रणा धुतली, नवं कूलंट भरलं. पक्कं बिल २,३५० रुपये. जमिनीवर सांडलेलं कूलंट त्यांनी आधी धुऊन काढायला लावलं, कारण ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल त्यांना विषारी असतं.

त्या मालकाने दाखवलेला पुरावा आता मला नीट कळतो, आणि तो इथे सविस्तर लिहिते कारण दुसऱ्या कुणाला हेच दाखवलं जाईल. पाणी नुकतंच भरून गाडी चालू केली की अडकलेली हवा बाहेर येते, बुडबुडे येणारच. गॅस्केट खरंच गेलं असेल तर हवा निघून गेल्यावरही ते थांबत नाहीत, रेस दिल्यावर वाढतात. झाकणाखालची साय पावसाळ्यात, रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरवली तर साध्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ आहे का ते पाहायचं. आणि शंका राहिलीच तर निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. यातलं काहीही न करता, पंपाने दाब न तपासता कुणी हेड खोलायचं म्हणत असेल तर किल्ली परत मागून घ्या. गाडी सोडण्याआधी बोल्टचे आणि डिपस्टिकचे मोबाइलने फोटो काढा. जुना पार्ट मिळाला तर तिथेच उभं राहून भोकं मोजा.

गॅस्केट घेऊन मी परत त्या गॅरेजमध्ये गेले. मालक म्हणाला, “पोराने चुकून दुसऱ्या गाडीचा पार्ट दिला असेल.” बोल्टचं विचारलं तर आवाज चढवला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. आमच्याकडे पक्कं बिल नाही, हाच अडसर आहे. पण पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद बँकेत आहे. ती नोंद, वहीतला कागद, मामांचं बिल, बोल्टचे फोटो आणि चार भोकांचं गॅस्केट एका फाइलमध्ये लावून ठेवलं आहे.