पोस्टग्रेस १४ : मराठी मजकुरासाठी 'नॉर्मलाइझ' आता खरंच वापरण्याजोगं

ग्रंथालयांच्या मराठी सूची सांभाळणं हे माझं काम. 'वऱ्हाड' शोधलं की वऱ्हाडावरची सगळी पुस्तकं समोर यावीत, ही वाचकाची साधी अपेक्षा. पण त्यातला ऱ कुणी एका अक्षरात टंकतं, कुणी र लिहून खाली नुक्ता देतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द.

पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या १३व्या आवृत्तीत (२०२०) यावर 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन आलं. युनिकोड, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांचं प्रमाण, जी रूपं एकच मानतं, ती हे फंक्शन एका ठरावीक रूपात आणतं. उत्तर बरोबर द्यायचं, पण मोठ्या सूचीवर चालवलं की ताटकळत बसायचं. शेजारची दोन अक्षरं मिळून एक होतं का, हे बघायला साडेसहा हजारांच्या आसपास नोंदींचा तक्ता पहिल्यापासून चाळला जाई. मराठीत बहुतेक जोड्या जुळतच नाहीत, म्हणजे जवळपास दर अक्षराला तक्ता पार शेवटपर्यंत!

१४व्या आवृत्तीने (२०२१) इथे 'परफेक्ट हॅश' आणला. जोडीवरून तक्त्यातली जागाच गणिताने काढायची, तिथे एकदा बघायचं, संपलं. विकसकांच्या मोजमापात एनएफसी आणि एनएफकेसी (सुटी अक्षरं शक्य तिथे जोडून ठेवणारी दोन ठरावीक रूपं) यांची रूपांतरं ३० ते ४० पटींपर्यंत वेगवान झाली. बदल्यात सर्व्हरकडचा कोड वाढला तो सुमारे ३५ केबी. युनिकोडची कामं करणारी आयसीयू लायब्ररी तेव्हाही पुढेच होती, पण अंतर बरंच घटलं. सर्व्हरला जोडून घेणाऱ्या क्लायंटच्या लायब्ररीत जुनीच पद्धत ठेवली, कारण तिथे हे फक्त पासवर्डच्या कामी येतं आणि आकार लहान हवा असतो. हा विचार मला फार आवडला.

आता नोंद आत येतानाच ट्रिगरमध्ये (अशा वेळी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) नॉर्मलाइझ करतो, शीर्षकाच्या रकान्यावर 'इज नॉर्मलाइज्ड'ची (मजकूर त्या रूपात आहे ना, हे तपासणारी) अट लावतो. शोधायचा शब्दही त्याच चाळणीतून जातो. पूर्वी एवढ्या सढळपणे हे वापरवत नव्हतं.

मराठीचं सगळं काम मात्र यात होत नाही. र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा लिहिलेला 'वर्‍हाड' वेगळाच राहतो. 'ॲ' आणि अ-वर चंद्र दिलेला 'अॅ' यांचंही तेच. दोष पोस्टग्रेसचा नाही. युनिकोडच्या नियमांतच ही रूपं एक मानलेली नाहीत. त्यासाठी 'रिप्लेस' (एका रूपाच्या जागी दुसरं घालणाऱ्या आज्ञा) आपणच लिहायचे. 'ग़ज़ल'मधला एकसंध ज़ एनएफसीत उलट सुटा होतो (ज वेगळा, नुक्ता वेगळा), तेव्हा दचकू नका. आणि आधी सर्व्हरचं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) तपासा : ते यूटीएफ-८ नसेल, तर हे फंक्शन चालतच नाही.