आजीच्या कॅसेट्स डिजिटल करून घेतल्या, त्या दुकानाचा अनुभव

आजी नोव्हेंबरात गेली, शिकागोला, ९१व्या वर्षी. तेरा दिवस झाल्यावर आईने कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला, आत ११ कॅसेट्स, सगळ्या नव्वद मिनिटांच्या, आजीने १९७४ ते ८५ मध्ये आईला पाठवलेल्या.

थोडं आधीचं सांगते. १९६५ साली अमेरिकेचा कायदा बदलला आणि आपल्याकडचे इंजिनियर तिकडे जायला लागले, त्यात आजोबा गेले. मग १९७४ ला आजी मामा आणि मावशीला घेऊन गेली. आईचं लग्न झालेलं, त्यामुळे ती त्या व्हिसात बसलीच नाही, मुलगी इथे आणि बाकी घर तिथे. ट्रंक कॉल लावायचा तर बुकिंग करून बसा, तीन मिनिटांत काय बोलणार आणि पैसे किती जाणार, म्हणून आजी स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर चालू करून बोलत बसायची आणि कोणी पुण्याला येणारं असलं की त्याच्याबरोबर कॅसेट द्यायची.

पहिल्यांदा मी चुकले. ऑनलाइन एक सर्व्हिस दिसली, कुरियरने दोन कॅसेट्स पाठवल्या, आठवड्यात लिंक आली. आवाज स्वच्छ, पण आजी कुठल्यातरी डब्यातून बोलतेय असं वाटत होतं. त्यांनी मागची खरखर काढली आणि त्याबरोबर सगळंच गेलं, शिवाय मधल्या शांत जागा न विचारता कापल्या. नाव घेत नाही, पैसे गेले त्याचंही काही नाही, पण आईने ऐकून मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाली, ही अशी नव्हती बोलत.

मग एका मैत्रिणीने सदाशिव पेठेतल्या या काकांचं सांगितलं. एकटेच काम करतात, हाताशी आधीच खूप आहे म्हणून नाव टाकू नका म्हणाले, कोणाला हवं असेल तर मला मेसेज करा. त्यांनी आधी एकेक कॅसेट उजेडात धरून बघितली. टेपच्या मागे तो बारीक फेल्टचा तुकडा असतो ना, जो टेपला हेडवर दाबून धरतो, तो चार कॅसेट्सचा गळून पडलेला, डिंक वाळून. त्यांनी त्या उघडून टेप नव्या कव्हरमध्ये घातली. मग पहिली लावली आणि हेडशेजारचा स्क्रू अगदी केसभर फिरवत बसले, आणि एका क्षणी आजीचा आवाज एकदम पुढे आला, "बेबी, ऐकतेस ना?" मी तिथे स्टुलावर बसूनच रडले, काकांनी पाणी आणून दिलं आणि काही बोलले नाहीत.

मुख्य म्हणजे त्यांनी विचारलं, काही कापायचंय का. मी नाही म्हटलं. म्हणून आता एका टेपवर आजी सांगतेय की डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर पटेलांचं दुकान निघालंय, तुरीची डाळ मिळाली, आणि मध्येच उठून जाते, कढईत झारा आपटतो, बर्फावर घसरलेली कुठलीतरी गाडी बाहेर घरघरतेय, मग परत येऊन "हां, कुठे होते मी". ही जी मधली पाऊण मिनिटाची जागा आहे ना, तीच पहिल्यांदा कापलेली.

१९७८ ची टेप, माझ्या वेळी आई गरोदर होती. आजीला यायचं होतं पण तिकिटाचे पैसे नव्हते, घरी बसून बायकांचे ब्लाऊज आणि फॉल-बिडिंग करून ती साठवत होती, तेही मामाच्या फीला गेले. तर ती टेपवर डिंकाचे लाडू सांगते, डिंक तुपात एकदम घालू नकोस, चिमूट चिमूट घाल, नाहीतर आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. सगळं सांगून झाल्यावर नुसतं घड्याळ ऐकू येतं बराच वेळ, मग "मी असते तर" एवढंच, आणि खटका. अजून एकात ती शपथ घेऊन आलीय, भारताचा पासपोर्ट सोडावा लागला कारण नागरिक झाल्याशिवाय लग्न झालेल्या मुलीसाठी अर्ज भरता येत नाही, "भाऊंना सांगू नकोस, मी गाडीत रडले". आई शेवटी गेलीच नाही, इथे सासू अंथरुणाला खिळलेली होती.

खर्च सांगते, कॅसेटला ५०० रुपये, कव्हर बदललं तर १५० वेगळे. स्वस्त नाही, पण ९० मिनिटांची टेप ९० मिनिटंच वाजवावी लागते, दुप्पट वेगाने उरकत नाहीत ते. वेळ मात्र लागतो, मला पाच आठवडे लागले आणि दोनदा फोन करावा लागला. तुम्ही कुठेही द्या, पण मूळ न कापलेली डब्ल्यूएव्ही फाईल मागूनच घ्या, एका कॅसेटची साधारण १ जीबी होते, साफ केलेली एमपीथ्री हवी तर वेगळी घ्या. आणि कॅसेट्स परत आल्या की टाकू नका.

दोन अजून काकांकडेच आहेत, त्यांना बुरशी आलीय आणि पावसाळी हवेत त्या उघडणार नाही म्हणाले, दिवाळीनंतर या. त्यातल्या एकीवर आजीच्या अक्षरात "बेबी, एकटी असताना ऐक" असं लिहिलंय, आईला त्यात काय आहे ते आठवत नाही.