व्हर्च्युअल मशीनच्या सर्व्हरवर वापरलेल्या एंटरप्राइझ एसएसडी : उन्हाळा आणि दिवाळीची घाई काढल्यानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. एकाच मशीनवर प्रॉक्समॉक्स आहे, म्हणजे एका संगणकात अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यावर अकाउंटचं विंडोज, डिस्पॅचचा डेटाबेस, फाइल सर्व्हर आणि हजेरीचं सॉफ्टवेअर अशी चार व्हर्च्युअल मशीन चालतात. मार्चमध्ये यातल्या घरगुती पीसीसाठीच्या एसएसडी काढल्या आणि वापरलेल्या, पण एंटरप्राइझ दर्जाच्या (सर्व्हरसाठी बनवलेल्या) सॅटा जोडणीच्या एसएसडी झेडएफएस मिररमध्ये बसवल्या. झेडएफएस ही डिस्कवर डेटा ठेवण्याची प्रणाली आहे, आणि मिरर म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा. निकाल आधीच सांगतो. अशा सर्व्हरसाठी डिस्क घेताना खोक्यावरचा ‘एमबी प्रति सेकंद’ बाजूला ठेवा आणि पॉवर लॉस प्रोटेक्शन (अचानक वीज गेली तरी डेटा वाचवण्याची सोय) आहे का, हे आधी विचारा.

दुखणं असं होतं. दुपारी चारनंतर गाड्या भरायला लागल्या की चलनं, इनव्हॉइस आणि ई-वे बिलं एकदम सुरू होतात. नेमकं तेव्हाच सगळं अडकायचं. एंट्री सेव्ह केली की स्क्रीन गोठायची, हजेरीच्या मशीनचा त्याच्याशी काही संबंध नसताना तेही थांबायचं आणि डिस्पॅचची मंडळी ड्रायव्हरला चहा पाजत बसायची. सप्लायर म्हणाला, रॅम वाढवा. पण प्रॉक्समॉक्सच्या समरीत प्रोसेसर जेमतेम वापरात होता आणि आयओ डिले मात्र चढलेला होता. म्हणजे प्रोसेसर मोकळा बसून डिस्कची वाट बघत होता. तिथे रॅम घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फसवणारी गोष्ट पुढेच आहे. त्याच डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी केली तर सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वेग दिसायचा, आणि सॅटाची कमाल साधारण तेवढीच असते. हा आकडा बघून कुणीही म्हणेल की डिस्क उत्तम आहे. पण डेटाबेसचं काम वेगळं असतं. प्रत्येक व्यवहार पक्का करताना तो एफसिंक (‘हे आत्ताच कायमचं लिही’ असा आदेश) पाठवतो, आणि ‘कायमचं लिहून झालं’ असं उत्तर येईपर्यंत पुढे सरकत नाही. लिहायचं असतं जेमतेम काही केबी, पण साध्या एसएसडीला ते दरवेळी खरोखर नँड चिपवर, म्हणजे कायमच्या साठवणीत, उतरवावं लागतं. पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्या एंटरप्राइझ डिस्कवर थोडी वीज साठवणारे कपॅसिटर असतात. वीज गेली तरी कॅशेतला (तात्पुरत्या मेमरीतला) डेटा चिपवर उतरवण्याइतका दम त्यांच्यात असतो. त्यामुळे डेटा कॅशेत पोचताच ती डिस्क ‘झालं’ म्हणू शकते, आणि ते खरं असतं. सगळा फरक इथेच आहे.

हे मोजता येतं. फियो या डिस्क-चाचणीच्या प्रोग्राममध्ये क्रमाने लेखन, ४ के ब्लॉक (४ केबीचे तुकडे), क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच लेखन), एकच जॉब आणि सिंक (प्रत्येक लेखन पक्कं होईपर्यंत थांबणं) चालू ठेवून निदान एक मिनिट चाचणी चालवा. जुन्या डिस्कवर सेकंदाला काहीशे लेखनं व्हायची, नव्यांवर झेडएफएसमध्ये घालण्याआधी तोच आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. एक इशारा मनापासून देतो: फियोला थेट डिस्कचं नाव देऊन लेखनाची चाचणी केली तर त्यावरचा डेटा जातो. चालू सर्व्हरवर चाचणीसाठी वेगळी फाइलच द्या.

घरगुती एसएसडी टाळण्याचं दुसरं कारण क्यूएलसीचं, हा स्वस्त एसएसडीत आढळणारा चिपचा प्रकार. एका सेलमध्ये चार बिट कोंबलेली ही डिस्क सुरुवातीचं लेखन वेगवान कॅशेत घेते. ती कॅशे भरली की वेग साध्या हार्ड डिस्कच्या पातळीवर घसरतो, कधी त्याच्याही खाली. रात्रीचा बॅकअप रिस्टोअर करून बघा, लगेच कळेल. त्यात झेडएफएस सिंक लेखन आधी स्वतःच्या लॉगमध्ये आणि मग मूळ जागी, असं दोनदा करतं.

यावर ‘झेडएफएसचं सिंक बंद करा, गाडी पळेल’ असा सल्ला हमखास मिळतो. पळेल हे खरं. पण वीज गेली की शेवटच्या काही सेकंदांचे व्यवहार गायब होतात, आणि डेटाबेसने ते पक्के झाले म्हणून आधीच कळवलेलं असतं. ई-वे बिल सरकारी पोर्टलवर तयार आहे, गाडी हैदराबादच्या रस्त्याला लागली आहे आणि आपल्याकडे त्या इनव्हॉइसची नोंदच नाही, असा हिशोब महिनाअखेरीस जुळवून बघा. मी हा पर्याय कुणालाही सुचवणार नाही.

बाकी सेटिंग थोडक्यात. प्रॉक्समॉक्समध्ये व्हर्च्युअल मशीनची डिस्क व्हर्टआयओ स्कझी या जोडणीवर ठेवा, डिस्कार्डची (पुसलेली जागा डिस्कला कळवण्याची) खूण करा, लिनक्समध्ये तेच काम ठरावीक वेळी करणारा एफएसट्रिमचा टायमर चालू आहे ना ते बघा आणि कॅशे मोड आहे तसाच ‘नो कॅशे’ राहू द्या. याने थोडा फरक पडतो, पण मूळ डिस्क साधी असेल तर दुखणं जात नाही.

आता वापराबद्दल. दिवाळीआधीच्या ऑर्डरींत सर्व्हरवर सर्वांत जास्त ताण होता, तरी चारनंतरचं गोठणं पुन्हा दिसलं नाही. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना एसी बंद पडला, तेव्हाही या सॅटा डिस्क शांत राहिल्या. त्याच मशीनमधली एनव्हीएमई (सॅटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी) मात्र तापून स्वतःचा वेग कमी करत होती. तिला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लावावं लागलं. टॉवेलच्या कारखान्यात हवेत कापसाचे तंतू असतात, ते फिल्टरमध्ये अडकून हवाच थांबवतात. सर्व्हरचा फिल्टर दर आठवड्याला साफ करणं हे इथे डिस्कच्या दर्जाइतकंच महत्त्वाचं आहे.

वापरलेली डिस्क घेताना स्मार्टचा (डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या प्रकृतीच्या नोंदींचा) अहवाल आधी मागा आणि किती तास चालली यापेक्षा किती झिजली ते बघा. रोज एकदा पूर्ण लिहिण्याची पाच वर्षांची क्षमता असलेली ९६० जीबीची डिस्क साधारण १,७५० टीबी लेखन सोसते. आमचं लेखन त्यापुढे किरकोळ आहे, म्हणून वॉरंटी नसतानाही हा सौदा मला पटला. मिररमध्ये मात्र दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या घेऊ नका, त्या एकाच सुमाराला दगा देऊ शकतात. आणि स्वस्त मिळते म्हणून सॅस (मोठ्या सर्व्हरची वेगळी जोडणी) डिस्क उचलण्याआधी दोनदा विचार करा. ती मदरबोर्डच्या सॅटा पोर्टवर चालत नाही, आणि स्टोरेज ॲरेमधून (अनेक डिस्कच्या मोठ्या साठवण यंत्रातून) निघालेली असेल तर सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे लेखनाचे कप्पे, ५२० बाइटचे असू शकतात. ५१२ ला फॉरमॅट केल्याशिवाय लिनक्स ती वापरू देत नाही.