सिलेक्ट-टू : ‘नागपुर’ लिहिले तर नागपूर सापडेल का?

जिल्हा, तालुका आणि गाव अशा तीन पायऱ्यांनी पत्ता भरून घेणारा अर्ज महाराष्ट्रासाठी बनवताना ब्राउझरच्या मूळ सिलेक्ट घटकाची (म्हणजे टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या पर्यायांच्या साध्या यादीची) मर्यादा लवकरच जाणवते. ३६ जिल्हे त्यात सहज मावतात. ३५८ तालुके एकत्र दाखवले तर माणूस यादी सरकवून कंटाळतो, आणि ४० हजारांहून अधिक गावांचा तर विचारच नको. अशाच एका अर्जासाठी मी सिलेक्ट-टू ही जेक्वेरीवर (जावास्क्रिप्टचा एक जुना, लोकप्रिय कोडसंच) चालणारी, एमआयटी परवान्याची मोफत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच (आवृत्ती ४.०.१३), वर्षभर वापरली. इंग्रजी यादीवर ती कशी चालते हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे परीक्षण मुख्यतः मराठी मजकुराच्या अंगाने लिहीत आहे.

बसवायला ती सोपी आहे. पानावरचा मूळ सिलेक्ट घटक ती काढून टाकत नाही, केवळ झाकते आणि त्यावर स्वतःची शोधपेटी व यादी मांडते. त्यामुळे अर्ज पूर्वीसारखाच सर्व्हरकडे जातो आणि तिकडच्या कोडला हात लावावा लागत नाही. गावांसाठी सगळी यादी पानावर न ओतता, वापरकर्ता टंकलेखन करत असताना सर्व्हरकडून थोडी थोडी नावे मागवण्याची सोय आहे. टंकलेखन थांबल्यावर मागणी पाठवण्यापूर्वी किती मिलिसेकंद थांबायचे आणि यादीचे पुढचे पान आणायचे की नाही, हेही ठरवता येते. हा भाग मला निर्दोष वाटला.

खरी परीक्षा शोधपेटीत होते. ही लायब्ररी दोन शब्दांची तुलना करण्यापूर्वी अक्षरांवरची चिन्हे काढून टाकते, पण त्यासाठीचा तिचा तक्ता प्रामुख्याने रोमन लिपीसाठी आहे. फ्रेंच माणसाने स्वरावरची तिरकी रेघ गाळली तरी त्याला त्याचे गाव सापडते. आपण मात्र ‘नागपुर’ असे ऱ्हस्व लिहिले, तर दीर्घ ‘नागपूर’ समोर असूनही ‘काही सापडले नाही’ असे उत्तर मिळते. कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर या सर्वांची तीच गत. सर्वसामान्य माणूस मोबाइलवर घाईत लिहितो. त्याच्याकडून ऱ्हस्व-दीर्घाची अपेक्षा धरणे म्हणजे अर्जाआधी शुद्धलेखनाची परीक्षा घेणे होय.

याहून फसवा प्रकार कऱ्हाडचा आहे. त्यातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो : एकतर ‘ऱ’ आणि हलन्त (पाय मोडल्याचे चिन्ह), किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक (अक्षरे जोडून दाखवण्याची खूण). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. यादी एका पद्धतीने साठवलेली आणि कळफलक दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर अचूक लिहूनही कऱ्हाड सापडत नाही, आणि चूक कुठे आहे हे डोळ्यांनी कळण्याचा मार्गच नसतो.

सुदैवाने येथेच या लायब्ररीचा सर्वांत मोठा गुण कामी येतो : तुलनेचे काम करणारा ‘मॅचर’ आपला आपण लिहून देता येतो. आम्ही त्यात न दिसणारे जोडक गाळले, ‘ऱ’चा ‘र’ केला आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच मानले. प्रत्येक पर्यायाला जुनी नावे व रोमन अक्षरांतले रूपही जोडले, त्यामुळे ‘उस्मानाबाद’ लिहिणाऱ्याला धाराशिव आणि ‘औरंगाबाद’ लिहिणाऱ्याला छत्रपती संभाजीनगर मिळू लागले. मूळ सिलेक्ट घटकात ही सोय नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नावे सर्व्हरकडून मागवत असाल, तर हा मॅचर चालत नाही आणि तीच सारी खटपट सर्व्हरवर पुन्हा करावी लागते.

शोध सुरू होण्यापूर्वी किमान किती अक्षरे लिहायची, ही अटही मराठीत विचित्र वागते. तीनची अट घातली की ‘को’ एवढ्यालाच दोन अक्षरे धरली जातात, कारण मात्रा वेगळी मोजली जाते. ‘ल्हा’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, लायब्ररीच्या दृष्टीने चार. ‘आणखी एक अक्षर लिहा’ हा संदेश त्यामुळे खोटा ठरतो. आम्ही त्याऐवजी ‘आणखी थोडे लिहा’ असे केले. क्रमवारीचेही तसेच : निव्वळ युनिकोडच्या (संगणकातील अक्षरांच्या क्रमांकांच्या) क्रमाने लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर नाही. अर्थात हा दोष लायब्ररीचा नव्हे, आणि क्रम लावणारे फंक्शनही आपले देता येते.

बाकीचे त्रास सर्वपरिचित आहेत. बूटस्ट्रॅप या तयार मांडणीसंचाच्या मोडल खिडकीत (पानावर उघडणाऱ्या चौकटीत) शोधपेटीत लिहिताच येत नाही. यादी त्या खिडकीच्या आतच उघडण्याचा पर्याय दिला की प्रश्न सुटतो. जेक्वेरी ३.६.० सोबत यादी उघडल्यावर कर्सर आपोआप शोधपेटीत जात नाही, तो कोडच्या एका ओळीने न्यावा लागतो. निवड बदलल्याची वार्ता जेक्वेरीमार्फतच दिली जाते, म्हणून साध्या जावास्क्रिप्टने कान लावून बसलेल्या कोडला ती ऐकू येत नाही; यात माझी एक अख्खी दुपार गेली. आणि आकुंचित (अनावश्यक जागा काढलेल्या) स्वरूपातही सुमारे ७० किलोबाइटचे ओझे, वर जेक्वेरी वेगळी. जो प्रकल्प मुळात जेक्वेरीवर नाही, त्यात केवळ यादीसाठी ती आणू नये.

स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी मी हिला कमी गुण देईन. मूळ सिलेक्टमध्ये ब्राउझर जे फुकट देतो, ते येथे नकली घटकांवर पुन्हा उभारलेले आहे, आणि नकलेतले सांधे ऐकताना जाणवतात. केवळ रंगरूपासाठी ही लायब्ररी घेणाऱ्यांनी क्रोम १३५ पासून मूळ सिलेक्टलाच सीएसएसने (पानाच्या रूपाची भाषा) सजवता येऊ लागले आहे, हे आधी पाहावे. ज्या ब्राउझरला ते समजत नाही, तेथे साधी यादी दिसते आणि काम अडत नाही.

आमच्या अर्जात एकसारखे दिसावे म्हणून सुरुवातीला लिंग, वैवाहिक स्थिती आणि रक्तगट यांनाही हीच यादी लावली होती. ती आम्ही काढली. आता जिल्हा, तालुका आणि गाव या तीनच ठिकाणी सिलेक्ट-टू आहे, आणि रक्तगट निवडताना फोनची स्वतःची यादी उघडते.