प्रमाणपत्र खरं होतं, तिथंच मी फसले

आमच्या कोल्हापूरकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. मार्च-एप्रिलात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या उन्हात पडल्या की डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत, नंबर लावायला पळापळ. सासूबाईंच्या हातची चटणी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडे डबे भरभरून जायची, तीही फुकट. 2023 च्या मार्चमध्ये म्हटलं, आता रीतसर पाकिटं करून विकू. नाव शोधायला लागलंच नाही. गल्ली सासूबाईंना ज्या नावानं हाक मारते, तेच पाकिटावर. ते नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं कळेलच.

चालू खातं उघडायला बँकेनं उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, मागितली. मी मोबाईलवर शोधलं आणि वर आलेल्या पहिल्या दुव्यावर बोट ठेवलं. तिरंग्याची पट्टी, अशोकस्तंभासारखं काहीतरी, अर्ज मराठीतसुद्धा. शेवटी 2,499 रुपये. सरकारी काम आहे, फी असणारच, असं वाटलं आणि भरले. दहा मिनिटांत फोन. "मॅडम, आधारचा ओटीपी आलाय तो सांगा." सांगितला. बँकेत काम करणाऱ्या भावानं हजारदा बजावलेलं, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. पण ते पैशाचं, हे तर नोंदणीचं, अशी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आलं. क्यूआर कोड स्कॅन केला तर सरकारी पानावर माझं नाव, माझा पत्ता. अगदी खरं. बँकेनंही घेतलं. मग त्या माणसावर माझा विश्वास का बसणार नाही? माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. खोटा कागद दिला असता तर मी पहिल्याच पायरीवर सावध झाले असते. त्यानं आधी खरा कागद दिला.

आठवड्यानं त्याचाच फोन. आता "मॅडम" जाऊन "ताई" झालेलं. "ताई, तुमचं नाव फार चांगलंय, पण बुक केलेलं नाही. दुसऱ्या कुणीतरी आज चौकशी केलीय. मी थांबवून धरलंय." नाव नोंदणीचे 10,000, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 11,800. तो जीएसटीचा आकडा ऐकून तर मी अजूनच निर्धास्त झाले. चोर कधी कर लावतो का? (बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता, हे नंतर पाहिलं.) सात दिवसांत ठसठशीत "नाव आरक्षण प्रमाणपत्र" आलं आणि फोनवर सल्लाही मिळाला: पाकिटावर गोलातला आर (®, नोंदलेल्या ट्रेडमार्कची खूण) बिनधास्त छापा.

लेबलं छापणारे काका म्हणालेही, "ताई, हा आर टाकायचा तर ट्रेडमार्कचा नंबर पाहिजे. आहे ना?" मी तोऱ्यात प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी खांदे उडवले आणि 3,000 लेबलं छापली. 7,200 रुपये.

जूनमध्ये वकिलाची नोटीस आली. त्याच नावाचा मसाला दुसऱ्या कुणाचातरी आधीपासून नोंदलेला. वापर थांबवा, नाहीतर दावा.

भाची सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करते. ती संध्याकाळी घरी आली, ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर गेली, वर्ग 30 निवडला (मसाले, पीठ, चहा यांचा तो वर्ग) आणि नाव टाकलं. दोन मिनिटं लागली असतील. नोटीसवाल्यांचं नाव समोर. उच्चारावरूनही शोधता येतं, म्हणजे स्पेलिंग बदललं तरी सापडतं. आणि हे बघायला एक पैसा लागत नाही.

मग तिनं एकेक उलगडून सांगितलं आणि मी नुसती ऐकत बसले. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे, 1 जुलै 2020 ला सुरू झाली तेव्हापासून. आधार आणि पॅन हाताशी असलं की आपली आपण होते, कागद अपलोड करायचे नसतात. पत्ता मात्र डॉट जीओव्ही डॉट इन असाच संपला पाहिजे. माझा डॉट ओआरजीवाला होता. उद्यम असो की शॉप ॲक्ट, त्यानं नावावर हक्क मिळत नाही. माझ्यासारख्या एकट्या मालकाच्या धंद्यासाठी "नाव आरक्षण" नावाचं प्रमाणपत्र कुठलंच सरकार देत नाही. नाव राखायचं तर ट्रेडमार्क, म्हणजे मालाच्या नावाची नोंदणी. एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला 4,500 रुपये. अर्ज तपासला जातो, ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून येतो, मग हरकतींसाठीच चार महिने. सात दिवसांत होणारच कसं? आणि नोंदणी नसताना गोलातला आर छापणं कायद्यानं चालत नाही; तेव्हा, 2023 मध्ये, तर तो गुन्हा होता, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. हे ऐकून सासूबाई रात्रभर झोपल्या नाहीत. नुसतं टीएम (™) मात्र नोंदणी नसतानाही लावता येतं.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. उद्यमच्या अर्जात मोबाईल आणि ईमेल त्यानं स्वतःचे टाकले होते. म्हणजे माझ्या नोंदणीत काही बदलायचं तर ओटीपी त्याला जाणार आणि तो पुन्हा पैसे मागणार. मागितलेच, 1,500. ते दिले नाहीत. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज देऊन नंबर बदलून घेतला, बरेच हेलपाटे पडले.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली. पण पैसे जाऊन दोन महिने उलटलेले. तो नंबर तासा-दोन तासांत फिरवला तर रक्कम गोठवता येण्याची आशा असते. 2,499 बद्दल तर बोलायची सोयच नव्हती. पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, "हे सरकारी संकेतस्थळ नाही, आम्ही सल्ला शुल्क घेतो," आणि मान्य असल्याची खूण मीच केलेली. 11,800 ची तक्रार अजून लटकलेली आहे.

लेबलं धरून 21,499 गेले. किलोमागे सव्वाशे सुटतात, म्हणजे पावणेदोनशे किलो चटणी फुकट कुटली. नोटीस देणाऱ्यांना पत्र लिहून नाव सोडलं, त्यांनीही ताणलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव माझ्यापाशी राहू दे, तू दुसरं बघ." नवीन नाव ठरवायला तीन आठवडे लागले. यादीतली अकरा नावं शोधात आधीच घेतलेली निघाली. बारावं मोकळं होतं. आधी शोध, मग अर्ज, मग लेबलं. या खेपेला लेबलं फक्त 500 छापली.

परवा फोन आला. "मॅडम, तुमच्या ट्रेडमार्कला ऑब्जेक्शन आलंय, आज पाचपर्यंत उत्तर गेलं नाही तर अर्ज रद्द." माझा अर्ज क्रमांक, तारीख, वर्ग, घरचा पत्ता, सगळं त्यानं घडाघडा वाचलं. क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं, ही माहिती सरकारी साइटवर कुणालाही दिसते. भाचीला विचारून स्थिती पाहिली, ऑब्जेक्शन नव्हतंच. आणि आलं तरी उत्तराला महिना असतो.

त्यानं पुन्हा फोन केला तेव्हा मी एवढंच विचारलं, "अर्जात मोबाईल नंबर कुणाचा टाकणार, दादा?"

फोन कट झाला.