बारा बाय बाराची खोली, आणि एक स्टार पावसाने नेला

राजापूरकडे वाडीत सासऱ्यांची पाच गुंठे जागा पडून होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिथे एकटीपुरती खोली बांधायची ठरवली. डोंबिवलीतला टीव्ही, लिफ्ट आणि शेजारचा मिक्सर यांतून वर्षाचे चार महिने सुटका, एवढीच मागणी. काम एका तरुण आर्किटेक्टला दिलं. नाव लिहीत नाही, खाली तक्रार आहे.

पहिल्या भेटीत त्याने स्क्वेअर फूट विचारलेच नाहीत. "ताई, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?" चहा, म्हटलं, दारात बसून. म्हणून दार पूर्वेला आणि दारात बसायला दीड फुटाची पायरी. आत खाट, खिडकीखाली भिंतीत बसवलेली फळी, हेच टेबल. कपाट नाही, तीन कोनाडे. मी पाच मागितले होते. "तीन भरले की फोन करा," म्हणाला. अजून दोनच भरलेत.

चंडीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने १९५२ साली दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्वतःसाठी ३.६६ मीटर लांब-रुंद, म्हणजे बारा बाय बाराचीच खोली बांधली, हे आमच्या आर्किटेक्टनेच सांगितलं. तीत स्वयंपाकघर नाही, कारण भिंतीला लागून खानावळ. "आमच्या शेजारी आंबे आहेत, खानावळ नाही," म्हटल्यावर कडप्प्याचा ओटा आला. तिकडची उंची २.२६ मीटर, इथे मे महिन्यात तेवढ्यात जीव गुदमरला असता. याने आढं उंच घेतलं, वर मंगळुरी कौलं. दुपारी पंखा दोनवर पुरतो.

आता तक्रार. पश्चिमेला छप्पर भिंतीपुढे जेमतेम फूटभर. जूनमध्ये पाऊस आडवा आला आणि जांभा पाणी प्यायला लागला. तिसऱ्या दिवशी उशाशी भिंतीला हात लावला तर बोटं लाल. त्याला फोन केला, "ड्रॉइंग बघून सांगतो." आठवडा गेला. शेवटी वाडीतल्या एका काकांनी त्या बाजूने झाप बांधून दिले. वर ऐकवलंही, "छप्पर अडीच फूट पुढे हवं, आम्हाला विचारलं असतंत तर फुकट सांगितलं असतं."

आता पठ्ठ्या म्हणतोय, दिवाळीनंतर पश्चिमेला पडवी काढून देतो, मजुरी त्याची, लाकूड माझं. तोवर चार स्टार. खाट तूर्त पूर्वेच्या भिंतीला सरकवलीये, त्यामुळे दार अर्धंच उघडतं.